डी ड्राइव्ह दिसत नाही

सोमवार, ३ मार्च

मॅडमनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं तेव्हा मला वाटलं, संपलं. सहा महिन्यांच्या प्रोबेशनमधले चार झालेत, आणि त्या दारामागून हसत बाहेर आलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. पण निघालं भलतंच. मला काम मिळालं, तेही माझं एकटीचं.

झालं असं की गेल्या महिन्यात का-काकांनी जावयाच्या पेन ड्राइव्हमधले नातवाचे फोटो दाखवायला ऑफिसचा कॉम्प्युटर वापरला. (का-काका म्हणजे आमचे अंदाजपत्रकवाले. "बसा" म्हटलं तरी "का?" विचारतात, म्हणून हे नाव.) नातू गोड आहे, पण त्याच्या पाठोपाठ व्हायरस आला आणि वर्षभराची अंदाजपत्रकं त्यांच्या सी ड्राइव्हसकट देवाघरी गेली. मॅडम म्हणाल्या, पुरे झालं. प्रत्येकाने आपापल्या मशीनच्या पोटात काय दडवून ठेवलंय ते त्याचं त्यालाच माहीत, आणि मशीन मेलं की तेही मेलं. यापुढे कुणालाही सी दिसता कामा नये, डी दिसता कामा नये. सगळ्यांचं काम एका सामाईक ड्राइव्हवर ठेवायचं आणि त्याची रोज नक्कल निघाली पाहिजे.

आमचा विभाग पाणीपुरवठ्याच्या नकाशांचा. रस्त्याखालून कुठली पाइपलाइन जाते, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या कोपऱ्यावर आहे, ते आमच्याकडे असतं. आमचे नकाशे हरवले तर मुकादमाच्या माणसांनी खणायचं कुठे?

ही वही अशासाठी, की आईला सांगितलं की मामाला कळतं, आणि मामाला कळलं की ऑफिसला कळल्यातच जमा. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, आमच्या विभागाचा मुख्य ड्राफ्ट्समन. ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळायला मी लागले ती काही त्याच्या वशिल्याने नाही, परीक्षा देऊन, मुलाखत देऊन आले. तरी पहिल्या दिवसापासून सगळ्यांची मी भाचीच. "भाचीला विचारा, भाची करून देईल." मॅडमसुद्धा एकदा चुकून भाची म्हणाल्या. हे काम तडीस गेलं तर माझं खरं नाव कुणाला तरी आठवेल अशी आशा आहे.

मंगळवार, ४ मार्च

आधी स्वतःच्या मशीनवर करून बघावं असं शहाणपण सुचलं. सर्व्हरवर नियम लिहिला: सी आणि डी लपवा, आणि कुणी उघडायला गेलं तर उघडू देऊ नका. माझ्या मशीनवर बसणाऱ्यांपैकी नियम कुणाला लागू ते निवडायचं असतं. मी निवडलं "सर्व". सर्वांमध्ये मीही येते हे दुपारी कळलं. माझ्याच कॉम्प्युटरने मला सांगितलं की तुम्हाला परवानगी नाही, कृपया आपल्या व्यवस्थापकाशी संपर्क साधा. व्यवस्थापक मीच की. घराला बाहेरून कुलूप घालून किल्ली आत टेबलावर ठेवली म्हणायची.

सर्व्हरच्या खोलीत त्या गारठ्यात कुडकुडत बसून नियम मागे घेतला. कुणाला बोलले नाही. परत येताना मामाच्या टेबलावरून गेले तर तो मान वर न करताच म्हणाला, "काय गं, पावलं का जड पडतायत आज?" या माणसाला सगळं कळतं. लहानपणीही असंच कळायचं.

गुरुवार, ६ मार्च

झालं एकदाचं! काल दिवसभर बसून सगळ्यांच्या फायली झेडवर हलवल्या (झेड म्हणजे तो सामाईक ड्राइव्ह) आणि आज सकाळी लोक आले तेव्हा सी-डी गायब.

मामाच्या डीमध्ये तर एक संस्थानच होतं. व्हॉल्व्हच्या नकाशांची त्याची स्वतःची मांडणी. कशाला नाव, कशाला नुसता आकडा, काही ठिकाणी मोठाले रंगीत चौकोन, मधेच रिकामी जागा. बालवाडीच्या भिंतीसारखं दिसत होतं. मी प्रत्येक फायलीला नीट नाव दिलं आणि सगळं अकारविल्हे लावून टाकलं. मनात म्हटलं, खूश होईल.

का-काका आले, पाच मिनिटं बघत राहिले आणि "का?" म्हणाले. मी सांगितलं. मग म्हणाले, "पण का?" जेवायच्या सुट्टीपर्यंत त्यांनी पत्त्याच्या पट्टीत डी लिहून एंटर मारला आणि थेट आत शिरले, वर शेजाऱ्यांनाही शिकवलं. मंगळवारच्या धसक्याने मी फक्त लपवण्याचा नियम ठेवला होता, बंदीचा नव्हता. पडदा लावला होता, दार नव्हतं. लगेच बंदी घातली, या वेळी स्वतःला वगळून. का-काका आता माझ्याशी बोलत नाहीत, म्हणजे प्रश्नही विचारत नाहीत. चालेल.

मामा सगळ्यांसमोर काही बोलला नाही. संध्याकाळी निघायच्या वेळी इंटरकॉम वाजला.

"डी ड्राइव्ह दिसत नाही गं."

मी म्हटलं, कुणालाच दिसत नाही मामा, तेच तर काम होतं. तो म्हणाला, "माझा तेवढा ठेव."

मी नाही म्हटलं. कसं म्हटलं माझं मला ठाऊक. पण एका मामाला सूट दिली की उद्या सगळं ऑफिस म्हणणार, बघा, भाची ती भाचीच. त्याने "बरं" म्हणून फोन ठेवला. मोठा माणूस एकच शब्द बोलला की मला फार अपराधी वाटतं, पण मी मागे हटणार नाही.

रविवार, ९ मार्च

मामा नेहमीसारखा जेवायला आला. स्कूटर विकल्यापासून चालतच येतो. म्हणतो, डॉक्टर सगळ्यांना चाला म्हणतात, मी न सांगता चालतो. त्याच्यासाठी म्हणून आईने मासे केले होते, तर म्हणे नको, पोट जड आहे. एके काळी हा माणूस काटे चोखून एकावर एक रचायचा. आई हिरमुसली. मला वाटतं, रुसवा माझ्यावर होता आणि निघाला माशांवर.

ऑफिसचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. आईने शेजारच्यांच्या घरून आलेली लग्नपत्रिका त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट केली, "कागद भारी आहे" म्हणाला आणि परत दिली. आई म्हणाली, अरे वाच की, मुलीचं नाव काय ते. तर म्हणे चष्मा विसरला. चष्मा खिशात होता, मला दिसला. आता एवढासुद्धा संवाद नको का आमच्याशी?

बुधवार, १२ मार्च

मामाचा आज पुन्हा इंटरकॉम, या आठवड्यातला तिसरा. "दिसत नाही." दर वेळी तेच. अमुक फाईल दिसत नाही, तमुक कुठे गेलं दिसत नाही. शेवटी त्याच्या टेबलावर गेले. बाकीच्यांना एकदा दाखवलं की जमतं, अगदी का-काकांनाही जमलं. मामाला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं: हा झेड, हे विभाग, हे बघ बाजार उत्तर, त्याच्याखाली बाजार दक्षिण. तो "हं, हं" करत होता, पण बघत होता माझ्या बोटाच्या भलतीकडेच. लक्षच द्यायचं नाही म्हटल्यावर कोण काय करणार?

बसतोही असा विचित्र. खिडकीचे पडदे ओढलेले, पाठ खिडकीकडे, काळ्या पडद्यावर नकाशा एवढा मोठा केलेला की एक व्हॉल्व्ह ताटलीएवढा. मी खिडकीचा पडदा सरकवायला गेले तर ओरडला, उजेड डोळ्यांवर येतो म्हणून. वय झालं की माणूस हट्टी होतो, दुसरं काय!

दुपारी पॅसेजमध्ये समोरून आला. मी हसले. तो सरळ निघून गेला, जणू मी भिंत. डोळे भरून आले माझे. सख्ख्या मामाने असं करावं?

रविवार, १६ मार्च

मामा जेवायला आला नाही. बरं नाही म्हणाला. आई ताट झाकून बसली होती. मग म्हणाली, "तो हल्ली माझ्याकडे बघून बोलत नाही. आवाजाकडे बघून बोलतो." मी म्हटलं, आई, तो माझ्यावर रागावलाय, तुझ्यावर नाही. ती म्हणाली, "राग असा नसतो त्याचा." आणि उठून भांडी घासायला लागली.

मंगळवार, १८ मार्च

आजचा दिवस वैऱ्यावरही येऊ नये.

सकाळी बाजाराच्या रस्त्यावर मोठी पाइपलाइन फुटली. मुकादमाचा फोन आला, बंद करायच्या व्हॉल्व्हचा नकाशा तातडीने पाठवा. असे नकाशे नेहमी मामाच काढून देतो. त्याने छापून दिला, माणूस घेऊन पळाला. मुकादमाच्या टोळीने नकाशात दाखवलेला कोपरा खणला. व्हॉल्व्ह नाही. आणखी खणला. नाही. तोवर पाणी दुकानांच्या तळघरात शिरलं, एका शिंप्याची सगळी मशिनं बुडाली, आणि घाईघाईत खणताना एका कामगाराच्या पायावर दगड येऊन बोट मोडलं.

दुपारी मुकादम तसाच चिखलाच्या बुटांनी ऑफिसात आला आणि भिजलेला नकाशा मामाच्या टेबलावर थापला. पाइपलाइन फुटली होती बाजाराच्या उत्तरेला. नकाशा होता दक्षिणेचा.

मामाने कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. सगळे बघत होते. मग हळूच म्हणाला, "फाईल बदलली असेल. हल्ली सगळं हललंय."

आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

बुधवार, १९ मार्च

मॅडमनी परत दार लावून घेतलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, दोनपैकी एक आहे: तुझी व्यवस्था चुकीचा नकाशा देते, नाहीतर माणूस चुकला. शुक्रवारपर्यंत मला सांग. व्यवस्था चुकली असेल तर ती काढून टाकू, आणि मग तुझ्या प्रोबेशनच्या अहवालात मला तसं लिहावं लागेल.

दिवसभर झेडवरची एकेक फाईल उघडून तपासली. उत्तरेच्या नावाखाली उत्तरच आहे, दक्षिणेच्या नावाखाली दक्षिण. काही बदललेलं नाही. म्हणजे माझी सुटका आहे. म्हणजे मामाने चुकीची उघडली.

इतकी वर्षं ज्याला शहराची पाइपलाइन तळहातासारखी पाठ आहे, तो उत्तर-दक्षिणेत चुकतो? लिहायला हात धजत नाही, पण इथे नाही लिहायचं तर कुठे: त्याने मुद्दाम केलं का? मला धडा शिकवायला? मनात येऊन गेलं खरं. ते मनात आलं याचीही लाज वाटते, आणि दुसरं काही सुचतही नाही.

उद्या त्यालाच विचारणार. मॅडमना सांगण्याआधी.

गुरुवार, २० मार्च

नीट लिहायचं आहे.

जेवायच्या सुट्टीत सगळे खाली गेले की मामा एकटाच वर बसतो हे माहीत होतं. मी पायातल्या चपला दाराशी काढल्या, कारण फरशी नुकतीच पुसून झाली होती. आत गेले. मामा कॉम्प्युटरला नाक लावून बसला होता. एका हातात भिंग. झेडवरची नावं एकेक अक्षर करून वाचत होता, ओठ हलवत. पहिलीतलं मूल वाचतं तसं.

मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले. प्रश्न तोंडातच होता. त्याला चाहूल लागली, त्याने मान वर केली आणि सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं.

"बाई, बादली टेबलापासून लांब ठेवा," तो म्हणाला, "खाली वायरी आहेत."

मी हलले नाही. मला हलताच आलं नाही.

तो बघत राहिला. मग त्याचा आवाज बदलला. "कोण आहे?"

"मामा, मी."

त्याने भिंग ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर लावला. आता काय उपयोग होता? मी खुर्ची ओढून बसले. माझा माशांचा राग, पॅसेजचा राग, लग्नपत्रिका, सगळं एकदम माझ्याच अंगावर कोसळलं. मी विचारलं, किती दिसतं?

"उजेड कळतो. माणूस आहे हे कळतं. कोण आहे ते आवाजावरून, नाहीतर चालण्यावरून. तू आज अनवाणी आलीस."

केव्हापासून, ते त्याने सरळ सांगितलं नाही. म्हणाला, हळूहळू. आधी रात्रीचे दिवे फाकायला लागले, मग स्कूटर विकली. नकाशा मोठा करून तुकड्यातुकड्याने दिसायचा, अजूनही दिसतो, फक्त तेवढ्या तुकड्यात उत्तर-दक्षिण सारखेच. अडचण फक्त फायलीच्या नावांची, ती एवढी एवढीशी. तर डीमध्ये त्याने वाचायची गरजच ठेवली नव्हती. लाल चौकोन म्हणजे बाजार, त्याच्या उजवीकडचं पहिलं उत्तर, मोकळी जागा सोडून पुढचं दक्षिण.

"आपल्या घरचा जिना आपण अंधारात उतरतो की नाही?" तो म्हणाला. "पायाला माहीत असतो. तू जिनाच नेलास."

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? मला नाही तर आईला? डॉक्टरला? तो म्हणाला, "तुझ्या आजोबांचं आठवतं ना?"

आजोबांना काचबिंदू होता. मी लहान होते तेव्हाच ते पूर्ण आंधळे झाले होते. डॉक्टरने त्यांना सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही. तेव्हा आजोबांना धरून दवाखान्यात नेलं होतं ते मामानेच. ते वाक्य पुन्हा ऐकायला जायचं नव्हतं त्याला. जोवर ऐकलं नाही तोवर खरं नाही, असं धरून चालला होता.

मी म्हटलं, मॅडमना मी सांगते, नीट समजावून सांगते. तो उठला. "तू नाही. नकाशा मी दिला. त्या पोराचं बोट माझ्यामुळे मोडलं." आणि भिंतीला हात लावत केबिनकडे निघाला. मी मागोमाग गेले, पण त्याला धरलं नाही. दार वाजवून आत गेला आणि दार लावून घेतलं.

बाहेर आला तेव्हा हसत नव्हता, पण खांदे खाली आले होते. मॅडम एवढंच म्हणाल्या होत्या, आधी डॉक्टर, मग बाकीचं.

शुक्रवार, २१ मार्च

आईला काल संध्याकाळीच सांगितलं. वाटलं होतं रडेल. ती आधी उठली, पायात चपला घातल्या आणि मामाच्या घरी जाऊन त्याला कपड्यांच्या पिशवीसकट आमच्याकडे घेऊन आली. मग रडली, मोरीत, नळ सोडून.

डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ उद्याची मिळाली. मामा दिवसभर खुर्चीत बसून आहे, हात मांडीवर. रेडिओ लावू का विचारलं तर नको म्हणाला.

शनिवार, २२ मार्च

मोतीबिंदू!

आधी तेच लिहिते, बाकीचं नंतर. मोतीबिंदू आहे, काचबिंदू नाही.

डॉक्टरीण तरुण, बोलायला फटकळ. तिने डोळ्यांचा दाब मोजला, दिवे मारले, कसल्या कसल्या यंत्रांत हनुवटी टेकवायला लावली. मामा अक्षरांच्या तक्त्यावर सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा सांगू शकला नाही. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. तपासणी झाल्यावर मामानेच विचारलं, शांतपणे, आधीपासून ठरवून आल्यासारखं, "अजून किती दिवस राहील तेवढं सांगा."

"काय राहील?"

"जे थोडं दिसतं ते."

डॉक्टरीण म्हणाली, "काका, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकून कडक झालाय. दाब ठीक आहे, मागचा पडदाही ठीक वाटतोय. काढून टाकू. लवकर आला असतात तर मला सोपं गेलं असतं, एवढंच."

"मग पुढे?"

"पुढे काय? दिसेल."

मामा चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत बसला, पुसत बसला. त्या चष्म्याने तसंही काही दिसत नव्हतं. आईला मात्र बाहेर पडल्या पडल्या कंठ फुटला. रस्ताभर त्याला झोडपत आली. गाढवा, मूर्खा, बापाच्या नावाखाली डोळे फोडून घेणार होतास का, मासे केले तर मासे नकोत, पत्रिका दिली तर कागद भारी आहे. मामा तिचा हात धरून चालत होता आणि दर शिवीला "हो ताई", "बरोबर ताई" म्हणत होता. मी मागून चालत होते. गेल्या तीन आठवड्यांत प्रथमच माझ्या पोटात भूक नावाची गोष्ट आहे हे मला कळलं.

सोमवार, २४ मार्च

ऑफिसात मॅडमनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की व्यवस्था राहील, सी-डी लपलेलेच राहतील. पण कुठलाही नकाशा बाहेर जाताना दोघांनी बघून सही करायची, मग तो कुणीही काढलेला असो. नंतर मला एकटीला म्हणाल्या, "फायली हलवण्याआधी ज्यांच्या त्या होत्या त्यांच्याजवळ बसायला हवं होतंस." मी मान डोलावली. खरं आहे. मी डी बघितला, रंगीत चौकोन बघितले आणि बालवाडी म्हणून हसले. हे असं का, हे विचारलंच नाही. ऑफिसात तो प्रश्न एकच माणूस विचारतो आणि त्याची आम्ही टिंगल करतो.

प्रोबेशनबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. दार उघडंच होतं मात्र.

मामा रजेवर जाण्याआधी मुद्दाम आला होता, मुकादमाला भेटायला. आई खाली थांबली. मामा त्याच्यासमोर उभा राहून म्हणाला की चूक माझी, मशीनची नाही, आणि त्या पोराकडे मला घेऊन चल. मुकादम रागीट माणूस, मला वाटलं आता तोफ सुटणार. त्याने मामाकडे नीट वरून खाली बघितलं.

"साहेब, दिसत नाही म्हणाला असतात तर मी वाचून दाखवलं असतं," तो म्हणाला. "मला वाचता येतं."

मग आपला जाडजूड पंजा मामाच्या कोपराखाली घालून त्याला जिन्यावरून उतरवत घेऊन गेला. पोराचं बोट जुळतंय म्हणे. शिंप्याच्या मशिनांचं ऑफिस बघणार आहे.

शुक्रवार, २८ मार्च

फारसं काही नाही. झेडवर मोठी चित्रं लावायची सोय शोधून काढली, नावंही मोठ्या अक्षरांत. ज्याला हवं त्याला आपल्या फायली रंगाने लावता येतील. सगळ्यात आधी का-काकांनी लावून घेतलं. नातवाचा फोटो लावता येईल का विचारत होते. मी विचारलं, "का?" आम्ही दोघंही हसलो. बोलणं सुरू झालं म्हणायचं.

शुक्रवार, ४ एप्रिल

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी आणि आई बाहेर बाकावर बसलो होतो. आई जपाला बसल्यासारखी पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव घेते आहे, कान देऊन ऐकलं तर मामाला अजून ज्या शिव्या द्यायच्या राहिल्यात त्यांची उजळणी चालली होती. चहा संपायच्या आत परिचारिका बाहेर आली आणि म्हणाली, झालं, छान झालं. पट्टी उद्या.

शनिवार, ५ एप्रिल

सकाळी पट्टी काढली. डॉक्टरीण म्हणाली, घाई करू नका, हळू उघडा. मामाने उघडला, मिटला, परत उघडला. पाणी आलं डोळ्याला. तिने तक्त्याकडे बोट केलं. तो वरून वाचत सुटला, खालून दुसऱ्या ओळीपर्यंत, थांबेचना. शेवटी तिनेच पुरे म्हणून थांबवलं आणि "डावा पुढच्या महिन्यात" असं लिहून दिलं.

मग तो आमच्याकडे वळला. आधी मला बघितलं आणि म्हणाला, वाळलीस. मी म्हटलं, तुझ्यामुळेच. तो हसला.

मग आईकडे बघितलं. बघतच राहिला. आई पदराशी चाळा करत उभी होती, नवरीमुलीसारखी.

"ताई, तुझे केस केव्हा पिकले?"

"झाले की दिवस. रंगवणं सोडून दिलं."

"मला बोलली नाहीस."

"तू तरी कुठे बोललास," आई म्हणाली आणि त्याच्या गालावरून ओघळलेलं पाणी पदराने टिपायला पुढे झाली. डॉक्टरीण मागून ओरडली, डोळ्याला पदर लावायचा नाही. आईने हात मागे घेतला, आणि मग तसाच त्याच्या डोक्यावर ठेवला.